बर्फावर गाडी का थांबत नाही : घाटात मुरलेला हात आणि हिमाचलचा रस्ता

डिसेंबर उजाडला की एमएच ११, एमएच ५० आणि एमएच १० क्रमांकाच्या गाड्या उत्तरेच्या वाटेला लागतात. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई (सोने-चांदी गाळण्याचे काम करणारे) व्यावसायिक कितीतरी वर्षांपासून उत्तर भारतात स्थिरावले आहेत, अपशिंग्यासारख्या गावांतले जवान बर्फाच्या प्रदेशात नोकरी करत आले आहेत, आणि आता सहलीसाठी स्वतःची गाडी घेऊन थेट मनाली गाठणारी कुटुंबेही दिसू लागली आहेत. या सहलींचा मार्ग ३ ऑक्टोबर २०२० रोजी बदलला. त्या दिवशी ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचे उद्घाटन झाले. त्याआधी लाहौलमध्ये जायचे तर ३,९७८ मीटर उंचीचा रोहतांग घाट ओलांडावा लागे आणि हिवाळ्यात तो बर्फाने बंद होई, त्यामुळे अननुभवी चालक आणि भर हिवाळ्यातला बर्फाचा रस्ता यांची गाठ सहसा पडत नसे. आता सोलंगच्या पुढे बोगद्यात शिरलेली गाडी काही मिनिटांत पलीकडच्या गोठलेल्या खोऱ्यात उतरते.

हे चालक नवशिके नसतात. पसरणी, खंबाटकी, कुंभार्ली, आंबेनळी अशा घाटांत त्यांचा हात बसलेला असतो, आणि धोक्याचे खरे कारण त्याच सरावात आहे. घाटात आपण जे जे शिकलो, त्या सगळ्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते : ब्रेक दाबला की टायर रस्त्याला धरून राहणार. बर्फावर नेमके तेच गृहीत कोसळते. रस्त्याची वळणे, चढ, दरी सगळे ओळखीचे वाटते आणि म्हणून पायही ओळखीच्याच सवयीने पडतो. बर्फावरच्या चुकीच्या सवयींची यादी पाठ करण्यापेक्षा ही पकड म्हणजे काय हे एकदा नीट समजून घेतले, तर बहुतेक सवयी का घातक आहेत ते आपोआप कळते.

मोटारीचे वजन हजार-बाराशे किलोंपासून दोन टनांपर्यंत असते, पण प्रत्येक टायरचा जमिनीला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. गाडी पळवणे, वळवणे आणि थांबवणे ही तिन्ही कामे त्या चार तळहातांएवढ्या जागेतल्या घर्षणावर चालतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर हे घर्षण इतके असते की गाडीच्या वजनाच्या सुमारे ७० टक्के एवढा जोर टायर रस्त्यावर लावू शकतो. पावसात तो जोर निम्म्याच्या आसपास येतो. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो साधारण २० टक्के उरतो आणि गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर १० टक्के किंवा त्याहूनही कमी. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो, आणि घसरणाऱ्या टायरच्या घर्षणाने निर्माण झालेली उष्णता त्यात भर घालते. म्हणूनच कडाक्याच्या थंडीपेक्षा शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ अधिक निसरडा असतो. "आज ऊन आहे, थंडी कमी आहे, रस्ता बरा असेल" हा अंदाज याच कारणाने उलटा पडू शकतो.

हे आकडे थांबण्याच्या अंतरात मांडले की अंगावर येतात. ताशी ४० किलोमीटर हा वेग आपल्याकडे कोणालाही वेग वाटत नाही. या वेगात सपाट, कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारे ९ मीटरमध्ये उभी राहते. दाबलेल्या बर्फावर तिला ३१-३२ मीटर लागतात आणि गोठलेल्या पाण्याच्या थरावर ६३ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ यात धरलेलाच नाही. त्या एका सेकंदात गाडी आणखी ११ मीटर पुढे गेलेली असते. वेग निम्मा केला तर ब्रेकचे अंतर निम्मे न होता चौथ्या हिश्श्यावर येते, म्हणजे २० च्या वेगात तीच गाडी गोठलेल्या पाण्याच्या त्याच थरावर सुमारे १६ मीटरमध्ये थांबते. बर्फावर वेग कमी ठेवण्याला दुसरा कोणताही पर्याय नाही तो या गणितामुळे.

पण हे झाले सपाट रस्त्याचे, आणि पर्वतात सपाट रस्ता मिळतो कुठे? उतारावर गाडीचे वजनच तिला खाली ओढत असते आणि टायरच्या पकडीतला काही भाग नुसती ती ओढ अडवण्यात खर्च होतो. दर १०० मीटरला ६ मीटर उतरणारा रस्ता घेतला, तर १० टक्के पकडीतले ६ टक्के तिथेच संपतात आणि थांबण्यासाठी उरतात फक्त ४. त्या उतारावर ४० च्या वेगातली गाडी थांबायला ६३ च्या जागी सुमारे १५७ मीटर घेते. उतार दर १०० मीटरला १० मीटर असेल, तर शिलकीत काहीच उरत नाही. तिथे ब्रेक कितीही दाबला तरी गाडी थांबणार नाही, आणि कडेला उभी केलेली गाडीसुद्धा हँडब्रेक ओढलेला असताना खाली सरकू शकते. घाटात मुरलेल्या चालकाला हे पटवून घ्यायला सर्वात जड जाते, कारण ब्रेक उत्तम असूनही गाडी थांबत नाही असा अनुभव त्याने कधी घेतलेला नसतो.

उताराचा विषय निघाला आहे तर आपल्याकडच्या एका जुन्या खोडीबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सोडण्याची सवय आपल्या भागात अजून आहे, आणि 'तेल वाचते' हे तिचे समर्थन असते. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत हे समर्थनही खरे नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून एक्सलेटरवरचा पाय काढला की उतारावर इंजिनचा इंधनपुरवठा बहुतेक वेळा बंदच होतो, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे इंधन लागतेच. कोरड्या घाटात या खोडीने ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका असतो. बर्फावर त्याहून वेगळे नुकसान होते. गिअरमध्ये असलेले इंजिन चाकांना सारखे हलकेसे मागे धरते आणि वेग वाढूच देत नाही. न्यूट्रलमध्ये ते काम सर्वस्वी ब्रेकवर येते, आणि ब्रेक तर बर्फावर चाक जाम करून बसतो. त्यामुळे उतार सुरू होण्यापूर्वी, सपाटीवर असतानाच, पहिला किंवा दुसरा गिअर टाकावा आणि तो तळापर्यंत बदलू नये. उतारावर मध्येच झटक्याने खालचा गिअर टाकणे हाही धोकाच आहे, कारण क्लच सुटताच चाकांना बसणारा हिसका जोरात दाबलेल्या ब्रेकइतकाच वाईट असतो.

आता एक वळण जवळून पाहू. दुपारी साडेतीन-चारची वेळ आहे. बोगद्याच्या दक्षिण तोंडातून बाहेर पडून गाडी सोलंगच्या दिशेने उतरते आहे. कडेच्या बर्फाच्या ढिगाऱ्यातून दिवसभर वितळून वाहिलेले पाणी रस्त्यावर आडवे पसरले आहे, आणि सूर्य डोंगराआड गेल्यामुळे ते गोठू लागले आहे. चालकाला रस्ता नुसता ओला दिसतो. वळण जवळ येते, समोरून टेम्पो ट्रॅव्हलर येताना दिसते, आणि चालक पसरणीच्या घाटात जे केले असते तेच करतो : वळता वळता ब्रेक दाबतो. पुढची चाके घसरू लागतात. स्टेअरिंग एकाएकी हलके होते, कारण त्याला विरोध करणारी पकडच उरलेली नसते. चाके वळलेली आहेत, पण गाडी मात्र सरळ, वळणाच्या बाहेरच्या बाजूकडे चालली आहे. घाबरून तो स्टेअरिंग आणखी वळवतो आणि ब्रेक आणखी दाबतो, आणि या दोन्ही गोष्टींनी घसरण वाढतेच.

असे का होते, ते उन्हाळ्यातल्या विहिरीवरून समजते. विहिरीला पाणी मोजकेच असते. सगळे उसाला सोडले तर भाजीपाल्याला उरत नाही. टायरच्या पकडीचेही तसेच आहे : ती एकच असते आणि ब्रेक व वळण दोघांत वाटली जाते. कोरड्या रस्त्यावर ती इतकी भरपूर असते की दोन्ही कामे एकदम होऊन जातात आणि वाटणी कधी जाणवतच नाही. बर्फावर ब्रेकने सगळी पकड घेतली की वळण्यासाठी काही शिल्लक राहत नाही. म्हणून वळणाच्या बरेच आधी, गाडी सरळ असताना वेग कमी करून घ्यावा, वळणात ब्रेकला आणि एक्सलेटरला पायच लावू नये, आणि वळण संपून गाडी सरळ झाल्यावर मगच हलकेच वेग द्यावा. पुढची चाके घसरलीच, तर एक्सलेटर सोडावा, ब्रेकवरचा दाब कमी करावा आणि मनाला पटत नसले तरी स्टेअरिंग थोडे सरळ करावे. चाक पुन्हा फिरू लागले की पकड परत येते. मागचा भाग घसरला, तर तो ज्या बाजूला जात असेल त्याच बाजूला स्टेअरिंग हळुवार वळवावे. मागचा भाग उजवीकडे गेला तर स्टेअरिंग उजवीकडे, आणि गाडी सावरू लागताच लगेच सरळ. नजर दरीकडे न ठेवता जिकडे जायचे त्या रस्त्यावर ठेवावी, कारण हात नजरेमागे जातात.

एप्रिल २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या मोटारींत एबीएस सक्तीचे झाले आहे आणि त्याविषयी बराच गैरसमज आहे. एबीएस चाकाला पूर्ण जाम होऊ देत नाही, त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी काही प्रमाणात वळवता येते. ते नवी पकड निर्माण करू शकत नाही. जेवढी आहे तेवढीच जपून वापरते. भुसभुशीत बर्फावर तर एबीएसमुळे थांबण्याचे अंतर वाढूही शकते. ते चालू झाले की ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरते आणि खरखर आवाज येतो. हा अनुभव नसलेला चालक दचकून पाय उचलतो, तेव्हा आहे तेवढाही ब्रेक हातचा जातो. पेडल थरथरू द्यावे, पाय काढू नये. एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत मात्र ब्रेक हलका दाबून सोडणे, पुन्हा दाबणे, असे करावे लागते.

फोर बाय फोर गाडीबद्दलचा अभिमान आपल्या भागात मोठा आहे आणि चिखलाच्या शेतवाटेवर तो योग्यही आहे. इंजिनची ताकद चारही चाकांना मिळत असल्यामुळे अशी गाडी बर्फात सहसा अडकत नाही, चढ चढून जाते. पण ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतातच, त्यामुळे थांबण्याच्या बाबतीत फोर बाय फोरला काहीही जास्तीचे मिळालेले नसते. उलट ती जड असते. सहज चढलेल्या गाडीने चालकाला जो विश्वास दिलेला असतो, तो उतरताना त्याच्याच जिवावर उठतो.

रस्त्यावर बर्फ नेमका कुठे असेल हे ओळखणे ही स्वतंत्र विद्या आहे. दर हिवाळ्यात महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठल्याची बातमी येते, आणि गंमत म्हणजे त्या दिवशी हवेचे नोंदलेले तापमान शून्याच्या बरेच वर असू शकते. निरभ्र रात्री जमीन आणि गवत आपली उष्णता आकाशाकडे टाकून हवेपेक्षा जास्त थंड होतात, म्हणून हे घडते. रस्त्याचेही तेच होते. गाडीच्या डॅशबोर्डवर ३ अंश दिसत असले तरी ते हवेचे तापमान असते. खालचे डांबर शून्याखाली गेलेले असू शकते. अशा रस्त्यावर काचेसारखा पारदर्शक थर तयार होतो, त्यालाच ब्लॅक आइस म्हणतात. त्यातून खालचे डांबर दिसत राहते आणि रस्ता फक्त ओला वाटतो. पूल हे त्याचे पहिले ठिकाण, कारण पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून थंड हवा लागते. डोंगराच्या सावलीतली वळणे, देवदारांच्या खालचा रस्ता, झऱ्याचे पाणी जिथे रस्ता ओलांडते ती जागा आणि बोगद्याची तोंडे, ही पुढची ठिकाणे. बोगद्यातला कोरडा रस्ता चालकाला वेगाची सवय लावतो आणि तोंडाशी एकदम बर्फ सुरू होतो, हे विशेष ध्यानात ठेवावे. पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडायचे थांबले, पण रस्ता ओलाच दिसतो आहे, तर ते पाणी गोठलेले आहे असे समजावे.

महामार्गावर पुढच्या गाडीच्या मागे चिकटून चालणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक दोष आहे, आणि अंतर ठेवले की मध्ये दुसरा कोणीतरी घुसतो ही तक्रारही खरी आहे. तरीही बर्फावर पुढची गाडी एखाद्या खुणेजवळून गेल्यापासून आपण तिथे पोहोचेपर्यंत आठ-दहा सेकंद जावेत इतके अंतर हवेच. कोणी मध्ये घुसले तर पुन्हा मागे राहावे. चढावर तर पुढची गाडी थांबून मागे घसरण्याची शक्यता असते, म्हणून ती वर पोहोचेपर्यंत खाली सपाटीवर थांबणे शहाणपणाचे. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यावे हा नियम आहे. बर्फात त्याचे मोल दुप्पट होते, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा निघेलच याची खात्री नसते.

कोंडी झाल्यावर रांग मोडून उजवीकडून दुसरी ओळ करण्याच्या सवयीविषयी सौम्य शब्दांत लिहिणे मला शक्य नाही. बर्फ पडू लागल्यावर रस्ता मोकळा करणारे यंत्र पुढे आले तरच सगळ्यांची सुटका होणार असते, आणि समोरून येणारी तीच एक बाजू या ओळीने बंद होते. गाडीत लहान मुले आणि म्हातारी माणसे असलेली कुटुंबे अशा कोंडीत रात्र काढतात, आणि त्यामागे कोणीतरी वाचवू पाहिलेली दहा मिनिटे असतात.

निघण्यापूर्वीच्या तयारीत काही गोष्टी आपल्या हवामानामुळे हमखास राहून जातात. साताऱ्यात रेडिएटरमध्ये साधे पाणी घालून वर्षभर गाडी चालते. हेच पाणी शून्याखाली गोठून सुमारे ९ टक्के फुगते आणि रेडिएटर किंवा इंजिनचा ब्लॉक तडकवते, म्हणून योग्य प्रमाणातले कूलंट भरून घ्यावे. काच धुण्याच्या टाकीतले साबणाचे पाणीही गोठते. हिवाळ्याचे खास नसलेले डिझेल कडक थंडीत मेणासारखे घट्ट होऊन फिल्टर बंद करते. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे वेगळे डिझेल २०१९ मध्ये आणावे लागले ते त्यामुळेच. आपण डोंगरात चढण्यापूर्वी टाकी रिकामी होऊ देऊन तिथल्या पंपावर भरणे बरे. गोटा झालेले टायर घेऊन जाऊच नये. दर पाच-सहा अंशांच्या घसरणीला टायरची हवा सुमारे एक पौंड कमी होते, म्हणजे इथे २५ अंशांत भरलेली हवा उणे ५ अंशांत पाच-सहा पौंडांनी उतरलेली असते. पकड वाढावी म्हणून ती मुद्दाम आणखी कमी करण्याची युक्ती वाळूतली आहे, डांबरावरच्या बर्फात तिचा उपयोग नाही.

चाकांना लावायच्या साखळ्या इंजिनची ताकद ज्या चाकांना मिळते त्यांनाच लावायच्या असतात : बहुतेक छोट्या मोटारींत पुढच्या, बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या गाड्यांत मागच्या. त्या लावून ताशी ३०-४० च्या वर जाऊ नये आणि उघडे डांबर लागले की काढाव्यात. त्या बसवण्याचा सराव घराच्या अंगणात करून ठेवावा. गोठलेल्या बोटांनी, अंधारात, वाहतूक खोळंबवून तो प्रथमच करण्यासारखे काम नाही. सकाळी गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतू नये, ती तडकते. वायपरपुरती खिडकीएवढी जागा पुसून निघणे आणि टपावरचा बर्फ तसाच ठेवणे ही घाईची लक्षणे आहेत. पहिल्या ब्रेकला तो सगळा बर्फ घसरून काचेवर येतो आणि समोरचे काहीच दिसत नाही. गाडी रात्री उभी करताना हँडब्रेक न लावता गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत, कारण ओला हँडब्रेक गोठून अडकतो.

न घसरताही जीव घेणारी एक सवय आहे : अडकलेल्या गाडीत काचा लावून, हीटर चालू ठेवून झोपणे. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले की धूर गाडीखाली साठतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. डोके दुखते, गुंगी येते, आणि थकव्यामुळे झोप येत आहे असेच माणसाला वाटते. अडकून पडल्यास आधी उतरून सायलेन्सरचे तोंड मोकळे करावे, इंजिन थोडाच वेळ चालवून बंद करावे, वाऱ्याच्या उलट बाजूची काच दोन बोटे उघडी ठेवावी आणि एकाने तरी जागे राहावे. त्यासाठी पुरेशी पांघरुणे, पाणी आणि खाणे गाडीत असले पाहिजे.

एवढे सगळे चालकाने पाळले तरी गाडीतली बाकीची माणसे त्याला ते पाळू देतीलच असे नाही. साताऱ्याहून सुमारे दोन हजार किलोमीटर आलेले कुटुंब बर्फ बघितल्याशिवाय परतायला तयार नसते, आणि भाड्याने घेतलेल्या स्थानिक गाडीचा चालक थांबला तरी "दादा, अजून थोडं पुढं घ्या, मागच्या गाड्या जातायत की" असा आग्रह सुरू होतो. तो माणूस तो रस्ता रोज पाहतो. तो नको म्हणाला की विषय तिथेच संपला पाहिजे. स्वतःची गाडी असेल, तर हॉटेलातून निघण्यापूर्वीच सगळ्यांसमोर ठरवून घ्यावे की कुठून परतायचे हे जो गाडी चालवेल तोच ठरवेल, आणि त्याला कोणी भित्रा म्हणणार नाही. परतीची वेळ दुपारी दोनच्या आसपासची धरावी, म्हणजे वितळलेले पाणी पुन्हा गोठण्याआधी उताराचा भाग मागे पडतो.